ऐकीव वार्ता आणि आपली साक्ष

(सभासद कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)



देवळाच्या पत्रिकेत मोबाईलवरील समाजमाध्यमांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. देवाधर्माचा आणि ह्या यंत्राचा संबंध काय? त्यास उत्तर असे की, धर्माचा संबंध माणसाच्या वाणीशी आहे, आणि सांप्रत आपल्या वाणीचा मोठा भाग ह्या यंत्रातूनच बाहेर पडतो. कित्येक घरांत सकाळी देवपूजा होण्यापूर्वी व्हॉट्सॲप उघडले जाते. कुटुंबाचा एक ग्रुप, भजनी मंडळाचा दुसरा, शाळेतील जुन्या सोबत्यांचा तिसरा, गल्लीचा चौथा. ह्या ग्रुपांतून आपण जे वाचतो, ज्यावर विश्वास ठेवतो आणि जे पुढे पाठवितो, त्यातून आपले मन घडते. आणि अनेकांची मने मिळून समाज घडतो. तेव्हा हा विषय आचारधर्माचाच आहे.

प्रस्तुत पाठाचे सांगणे एकच आहे. कोणताही मजकूर पुढे पाठविणे म्हणजे त्याच्या खरेपणाची साक्ष देणे होय. जे आपण पाहिले नाही व ज्याची खात्री केली नाही, त्याची साक्ष देणे हा असत्याचाच एक प्रकार आहे; आणि ह्या असत्याने आपल्या सीमाभागात माणसाचा प्राण घेतलेला आहे.

१. अनेक पदरांची ओळख

प्रथम आपण कोण, ह्याचा विचार करू. गुलबर्ग्याच्या मराठी माणसाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारले तर एका शब्दात उत्तर देणे त्यास कठीण जाते. घरात तो मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो, शेजाऱ्याशी दखनी बोलतो. जुन्या पिढीतील कित्येकांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याची भाषावार विभागणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात, आणि गुलबर्गा, बीदर व रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले, व २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. नकाशे बदलले, नावे बदलली; परंतु सोयरीक अक्कलकोट, सोलापूर, उमरगा, लातूर येथेच होत राहिली आणि व्यवहार येथील कन्नड शेजाऱ्यांशी चालत राहिला.

आपली श्रद्धास्थानेही अशीच अनेक पदरी आहेत. भीमा आणि अमरजा ह्यांच्या संगमावरील श्रीक्षेत्र गाणगापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. विदर्भातील कारंजा येथे जन्मलेले श्रीनृसिंहसरस्वती औदुंबर, नरसोबाची वाडी असे करीत येथे आले व दीर्घकाळ राहिले. त्यांचे चरित्र मराठी ओवीत लिहिणारे सरस्वती गंगाधर हे कन्नड मातृभाषेचे होते. हुमनाबादजवळील माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू (१८१७ ते १८६५) ह्यांनी मराठी, कन्नड व हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, आणि सर्व मतांचा आदर करणारा सकलमत संप्रदाय स्थापिला. बसवकल्याण हे बसवेश्वरांचे कार्यक्षेत्र, बीदरला गुरुनानकांचा झिरा, गुलबर्ग्यात शरणबसवेश्वरांचे दासोह आणि ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा. ह्या भूमीत वाढलेल्या मनुष्याची ओळख एका धाग्याची असू शकत नाही. अनेक धागे एकत्र वळले म्हणूनच हे वस्त्र टिकले.

समाजमाध्यमांचा पहिला परिणाम येथेच होतो. ग्रुप हा बहुधा एकाच धाग्यावर उभा असतो: एका जातीचा, एका भाषेचा, एका पक्षाचा किंवा एका पंथाचा. प्रत्यक्ष जीवनात मनुष्य एकाच दिवसात पित्याच्या, ग्राहकाच्या, शेजाऱ्याच्या आणि भक्ताच्या नात्याने वावरतो. ग्रुपमध्ये मात्र चोवीस तास त्याच्या एकाच नात्यास हाक मारली जाते. जो धागा सतत ओढला जातो तोच पुढे येतो, आणि उरलेले सैल पडतात. मग कालपर्यंत ज्याच्या दुकानातून उधारीवर किराणा आणला, तो दुकानदार एकाएकी ‘त्यांच्यापैकी’ वाटू लागतो. दुकानदार होता तसाच असतो. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी संकुचित झालेली असते.

२. हे माध्यम चालते कसे?

फेसबुक २००४ मध्ये आणि व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले. २०१४ मध्ये दुसरे पहिल्याने विकत घेतले. सप्टेंबर २०१६ नंतर आपल्या देशात इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले, आणि ज्या खेड्यात वर्तमानपत्र दुपारी पोहोचत असे वा पोहोचतच नसे, त्या खेड्यातील शेतकऱ्याच्या हाती जगभराच्या वार्ता क्षणात येऊ लागल्या. हे नि:संशय मोठे स्थित्यंतर होय.

परंतु वर्तमानपत्रात आणि ह्या माध्यमात एक मूलभूत भेद आहे. वर्तमानपत्राच्या वार्तेखाली संपादकाचे व मुद्रकाचे नाव असते. चूक झाली तर जाब विचारता येतो. गावात निरोप आणणारा मनुष्यही तोंडाने ओळखीचा असे. त्याचा शब्द किती भरवशाचा, हे सर्वांस ठाऊक असे. मोबाईलवर दहा हातांतून आलेल्या मजकुराला मूळ तोंडच नसते. तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा मामांच्या किंवा वहिनींच्या नावाखाली येतो, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. वस्तुतः मामांनी तो लिहिलेला नसतो, वहिनींनी त्याची खात्री केलेली नसते. विश्वास नात्याचा असतो आणि वस्तू परक्याची असते. बाजारात कोणी आपल्या मामांची चिठ्ठी दाखवून खोटे नाणे दिले तर आपण नाणे वाजवून पाहतो. मजकुराच्या बाबतीत मात्र चिठ्ठी पाहूनच आपण समाधान मानतो.

दुसरा भेद वेगाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ ह्या काळात ट्विटर ह्या माध्यमावर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास करून तो मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. खऱ्या वार्तेपेक्षा खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक असतो. आणि १,५०० माणसांपर्यंत पोहोचण्यास सत्याला असत्याच्या सुमारे सहापट वेळ लागतो, असे त्यांस आढळले. हे काम यंत्रे करतात असा पुष्कळांचा समज होता. परंतु यंत्रचालित खाती वगळून पाहिले तरी अनुमान बदलले नाही. असत्य पसरविणारी माणसेच होती, कारण असत्य नवे व धक्कादायक असते, आणि आश्चर्य, भय व किळस ह्यांनी मनुष्याचा हात विचाराआधी हलतो.

३. मुरकी, राईनपाडा, गडचिंचले

आता जी घटना प्रत्येक सभासद कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे, ती सांगतो. ती आपल्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातील, औराद भागातील, म्हणजे मराठी व कन्नड दोन्ही बोलणाऱ्या गावांतील आहे.

१३ जुलै २०१८ रोजी हैदराबादहून काही तरुण मित्र मोटारीने हंडीकेरा ह्या गावाच्या परिसरात आले होते. वाटेत थांबले असता त्यांच्यातील एकाने शाळेतील मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत असे मजकूर त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरले होते. गावकऱ्यांस संशय आला, बाचाबाची झाली, आणि ते तरुण मोटार घेऊन निघाले. तोवर त्यांची चित्रे ‘मुले पळविणारे’ ह्या शब्दांसह व्हॉट्सॲपवरून पुढील मुरकी गावात जाऊन पोहोचली होती. तेथे रस्ता अडविण्यात आला. वेगाने आलेली मोटार उलटली. आणि जमलेल्या प्रचंड जमावाने आतील तरुणांना मारहाण केली. संगणक क्षेत्रात काम करणारा एक अभियंता मरण पावला, इतर गंभीर जखमी झाले. त्यांना वाचविण्यासाठी मध्ये पडलेले पोलीसही जखमी झाले. पुढे तीसच्या आसपास लोकांना अटक झाली; त्यांत ज्या ग्रुपवरून मजकूर पसरला त्याचा चालकही होता.

मुलांना गोड खाऊ देणे हा आपल्या समाजात कौतुकाचा प्रकार. आपणही देवदर्शनाहून परतताना वाटेतल्या मुलाच्या हातावर पेढा ठेवतो. तीच कृती एका मजकुराने मृत्युदंडाचा अपराध ठरविली.

त्याच्या बाराच दिवस आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील, भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील लोक होते. त्यानंतर १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा मोटारचालक ह्यांचा असाच बळी गेला. त्या भागातही चोरांच्या व मुले पळविणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या.

हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एका ठिकाणी मरण आले ते मुसलमान अभियंत्यास, दुसऱ्या ठिकाणी भिक्षेकरी गोसाव्यांस, तिसऱ्या ठिकाणी साधूंस. अफवेला धर्म, जात वा वेष दिसत नाही. तिला फक्त ‘परका’ दिसतो. तिचे तोंड आज दुसऱ्याकडे आहे म्हणून आपण निश्चिंत असावे, ह्याला काही आधार नाही. गडचिंचलेच्या घटनेनंतर तर तिला जातीय रंग देणारे मजकूर देशभर फिरले, आणि अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना नावांची यादी देऊन जाहीर करावे लागले. एका अफवेने तीन माणसे मारली. त्यांच्या मृत्यूवर लगेच दुसरी अफवा उभी राहिली.

आणि येथे गाणगापूरचे स्मरण होते. माध्यान्ही श्रीदत्तप्रभू कोणत्याही रूपाने भिक्षेला येतात, अशी तेथील भाविकांची दृढ श्रद्धा आहे. म्हणून मोठमोठे लोकही तेथे झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात, आणि देणाराही समोरच्यास हात जोडतो. दारी आलेला अनोळखी मनुष्य देव असू शकेल, ह्या भावनेवर ज्या समाजाची घडण झाली, त्याच प्रदेशात दारी आलेला अनोळखी मनुष्य चोर असलाच पाहिजे, ही भावना काही महिन्यांत रुजली. आपली ओळख बदलते ती अशी. कोणी ग्रंथ जाळले नाहीत, कोणी मूर्ती फोडली नाही; दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी तेवढी पालटली.

४. कापलेले सत्य

येथे कोणी म्हणेल की, लोकांनी निदान चित्रफीत तरी डोळ्यांनी पाहिली होती. ती कोणती, तेही पाहू. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत भारतातील नव्हतीच. पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांत जागृती व्हावी म्हणून ती मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. हा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला, आणि पालकांना सावध करणारी गोष्ट चोरीचा पुरावा बनली.

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकला आहे. अश्वत्थामा मेला, हे युधिष्ठिराने मोठ्याने सांगितले. मेला तो हत्ती, हे शब्द अस्फुट राहिले. कथेकरी सांगतात की शंखध्वनीत ते बुडाले. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले, कारण सांगणारा युधिष्ठिर होता. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी भूमीला टेकला. वाक्याचा आरंभ सर्वांस ऐकू गेला, शेवट कोणास ऐकू आला नाही. आणि अनर्थ घडावयास तेवढे पुरेसे झाले. जी चित्रफीत अर्धीच आहे, ती आपल्या डोळ्यांनी पाहिली तरी प्रत्यक्ष प्रमाण होत नाही. डोळ्यांनी पाहिलेले दृश्य आणि त्याखाली कोणी लिहिलेला अर्थ ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सांप्रत तर यंत्राच्या साहाय्याने न घडलेले दृश्य आणि न उच्चारलेला आवाजही हुबेहूब तयार करता येतो. मग केवळ ‘पाहिले’ म्हणून भागेल कसे?

५. आप्त कोणास म्हणावे?

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार सूक्ष्मपणे केलेला आहे. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याच्या शब्दावरून होणारे ज्ञान हे शब्दप्रमाण. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे. आप्ताचाच शब्द प्रमाण. आप्त म्हणजे काय? मराठीत आपण ह्या शब्दाचा अर्थ नातेवाईक असा करतो. शास्त्रातील अर्थ निराळा आहे. ज्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे.

ह्याचा विचार करावा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या शास्त्रकारांनी सांगितले की, सांगणारा आपल्यातला की परका ह्यावरून शब्दाचा खरेपणा ठरत नाही. त्याला ज्ञान आहे काय आणि त्याची वृत्ती प्रामाणिक आहे काय, ह्यावरून ठरतो. समाजमाध्यमांनी हीच कसोटी उलटी केली आहे. तेथे आपल्या ग्रुपचा तो आप्त, बाहेरचा तो लबाड. मराठीतला ‘आप्त’ राहिला, शास्त्रातला गेला. ज्या मामांनी प्रेमाने औषधाचा मजकूर पाठविला ते आपले आप्त खरेच. परंतु त्या रोगाच्या बाबतीत दवाखान्यातील वैद्य हाच शास्त्रार्थाने आप्त, मग त्याची जात, भाषा वा धर्म कोणताही असो.

कोरोनाच्या काळात ह्या भेदाचे महत्त्व सर्वांस कळले. त्या रोगाने देशात झालेला पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गीच्या एका वृद्ध गृहस्थांचा नोंदला गेला, आणि आपल्या शहराचे नाव सर्व देशाच्या तोंडी झाले. त्या दिवसांत पुण्यातील, हैदराबादेतील आणि परदेशांतील मुलांस आईवडिलांची खुशाली ह्याच माध्यमातून कळली. मंदिरे बंद असता आरतीचे दर्शनही घरबसल्या घडले. आणि त्याच माध्यमातून खोट्या औषधांचे मजकूरही आले. एकाच दारातून अन्न आणि विष दोन्ही येत असेल, तर दार बंद करणे हा उपाय नव्हे; दाराशी पाहणारा कोणी असला पाहिजे.

६. सीमाभागातील मराठी माणसाचे विशेष कर्तव्य

आपण सीमेवर राहतो, म्हणून आपणांवर एक अधिक जबाबदारी येते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांच्यामधील सीमावाद पुन्हा चिघळला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दोन्हीकडच्या बससेवा काही काळ विस्कळीत झाल्या. १४ डिसेंबर रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. त्यानंतर त्यांनी सांगितले की, मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी ह्या प्रकरणात लोकभावना भडकविल्या.

सीमाप्रश्नाविषयी कोणाचे मत काय असावे, हा ह्या पाठाचा विषय नाही. तो न्यायालयाचा व राज्यकर्त्यांचा विषय आहे. परंतु न बोललेले शब्द नेत्याच्या तोंडी घालून पसरविले गेले तर पुण्यात वा बंगळुरात बसून ते पुढे पाठविणाऱ्याची बस थांबत नाही. बस थांबते ती गुलबर्ग्याहून सोलापूरच्या इस्पितळात निघालेल्या वृद्धेची, अक्कलकोटच्या सासरी निघालेल्या लेकीची. मराठीचे प्रेम घरात मराठी वाचून, मुलांना लिहावयास शिकवून आणि शेजाऱ्याची कन्नड आदराने बोलून सिद्ध होते. दूरवरच्या अनोळखी माणसाने लिहिलेला द्वेषाचा मजकूर आपल्या नावाने पसरविण्यात मातृभाषेची कोणतीही सेवा नाही.

७. एक आक्षेप

एक प्रामाणिक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. पुष्कळ माताभगिनी म्हणतात, “मजकूर खोटा असेलही, पण खरा निघाला तर? चार जणांना सावध केले तर बिघडले काय?” ही भावना वात्सल्यातून आलेली आहे, म्हणून तिचा उपहास करणे योग्य नाही. मुरकीच्या परिसरातही पुष्कळांनी मुलांच्या काळजीपोटीच मजकूर पाठविला असेल. परंतु सावध करणे आणि आरोप करणे ह्यांत भेद आहे. “मुलांना एकटे दूर पाठवू नका” असे सांगितल्याने कोणाचा घात होत नाही. “ह्या मोटारीतील हे लोक चोर आहेत” असे म्हणणे हा निवाडा आहे, आणि निवाडा पुराव्यावाचून करता येत नाही. खरीच शंका आली तर पोलिसांस कळवावे, ११२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जो खरोखर सावध आहे तो अधिकाऱ्यास कळवितो; जो केवळ घाबरला आहे तो सर्वांना कळवितो.

शासनाने व कंपन्यांनीही काही उपाय योजिले आहेत. मुरकीच्या घटनेनंतर चारच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध राज्यांना सविस्तर आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. त्यायोगे अशा मजकुरांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटला, असे कंपनीने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जात, समाज, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. हे सर्व इष्टच आहे. तथापि मजकूर हातात आल्यापासून बोट हलेपर्यंतचा जो क्षण असतो, तेथे न्यायालय नसते व पोलीसही नसतात. तेथे केवळ आपली विवेकबुद्धी असते.

८. घरात पाळावयाचे नियम

एतदर्थ प्रत्येक कुटुंबाने पुढील नियम स्वीकारावेत, अशी विनंती आहे.

(१) मजकूर वाचून राग, भय किंवा अतिशय आनंद वाटला, तर तो निदान रात्रभर तसाच ठेवावा. खरी वार्ता सकाळीही खरीच राहते.

(२) “हे मी स्वतः पाहिले आहे काय? नसल्यास ज्याने पाहिले तो कोण?” हे दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर मिळत नसेल तर मजकूर तेथेच थांबवावा.

(३) कोणत्याही अनोळखी व्यक्तीचे चित्र वा वाहनाचा क्रमांक आरोपासह पाठवू नये.

(४) ज्येष्ठांनी पाठविलेला मजकूर चुकीचा आढळल्यास सर्वांसमक्ष त्यांचा पाणउतारा करू नये. “काका, हे असे नाही, मी चौकशी केली आहे” असे एकांतात सांगावे. काकांनीही सांगणारा वयाने लहान म्हणून रागावू नये. मागील शिकवणीप्रमाणे येथे आप्त तोच.

(५) चूक पुढे गेली असल्यास जेथे जेथे पाठविली तेथे तेथे दुरुस्ती पाठवावी.

(६) जो ग्रुपचा चालक आहे त्याने स्वतःस यजमान समजावे. आपल्या ओसरीवर बसून कोणी परनिंदा करू लागला तर यजमान त्यास थांबवितो. येथेही तसेच करावे.

(७) आठवड्यातून एकदा तरी आपल्या ग्रुपबाहेरच्या, निराळ्या भाषेच्या वा धर्माच्या शेजाऱ्याच्या घरी प्रत्यक्ष जावे. जो मनुष्य समोर बसून चहा पितो, त्याच्याविषयी खोटे सहजासहजी खरे वाटत नाही.

९. मननासाठी प्रश्न

(१) गेल्या आठवड्यात आपल्या घरातून पुढे गेलेल्या मजकुरांपैकी किती मजकुरांची साक्ष आपण शपथेवर देऊ शकू?

(२) आपल्या घरातील सर्वांत लहान मुलाला विचारावे: अनोळखी माणूस म्हटला की तुझ्या मनात काय येते? ते त्याला कोणी शिकविले?

(३) मातृभाषा, जन्मगाव, व्यवसाय, श्रद्धा, शेजार: ह्यांपैकी आपल्या ओळखीचा कोणता पदर गेल्या पाच वर्षांत सैल पडला? तो पुन्हा घट्ट करण्यासाठी ह्या महिन्यात काय करता येईल?

(४) मुरकी गावात त्या दिवशी आपण असतो, आणि मजकूर आपल्या हाती प्रथम आला असता, तर आपण काय केले असते?

ह्या प्रश्नांची उत्तरे कोणास पाठवावयाची नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल बाजूस ठेवून, घरातील लहानथोरांनी एकत्र बसून त्यांचा विचार करावा, एवढीच प्रार्थना.